तांब्याच्या पैशांचे साहेब

साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते उरायासु स्टेशनच्या जिन्यावर, ओणवे झालेले. आम्हाला मुंबईहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि माझ्या नवऱ्यानं उत्साहाच्या भरात बँकेतल्या आपल्या साहेबांना जेवायला बोलावून ठेवलं होतं. त्यांना आणायला म्हणून आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. ऑफिसं सुटलेली गर्दी जिना उतरत होती आणि तिच्या बरोब्बर मध्यावर करड्या कोटातले एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ पायरीवरून नखानं काहीतरी उचलायची खटपट करत होते. जपानी माणूस धक्का मारत नाही, वळसा घालतो. त्यामुळे शेकडो माणसं मुकाट्यानं त्यांना वळसा घालत होती.

"साहेब, काही पडलं का तुमचं?" नवरा धावत गेला.

"माझं नाही. कुणाचं तरी पडलंय." त्यांनी मूठ उघडून दाखवली. आत एक येन होता.

एक येन म्हणजे ॲल्युमिनियमची एवढीशी चकती, फुंकर मारली तर उडेल अशी. त्या वर्षांत तिथं प्रत्येक खरेदीवर तीन टक्के कर होता, त्यामुळे घरोघरी या येनांचा नुसता सुळसुळाट. बायका ते बरणीत टाकायच्या आणि विसरून जायच्या. साहेब मात्र तो येन घेऊन थेट स्टेशनबाहेरच्या पोलीस चौकीत शिरले. पोलीसही अस्सल जपानी, तो हसला नाही. त्यानं फॉर्म काढला. काय सापडलं, किती वाजता, कुठं? जिन्यावर. कितव्या पायरीवर? साहेबांनी पायऱ्या मोजल्या नव्हत्या, म्हणून ते परत गेले आणि मोजून आले. "सतरावी," ते म्हणाले. पोलिसानं सतरा लिहिलं, उठून उभा राहिला आणि कमरेत वाकला. साहेबही वाकले. तोवर घरी माझे बटाटेवडे गारढोण होऊन मऊ पडले होते.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि जीभ ताब्यात नव्हती. पानं वाढताना म्हणालेच, "साहेब, एक येन होता हो तो."

"बाईसाहेब," ते म्हणाले, "ज्या राज्यात एक येन हरवला तर फॉर्म भरतात ना, ते राज्य टिकतं. कंपनी सरकारला हे कळायला शंभर वर्षं लागली."

मला बाईसाहेब म्हणायचे ते त्या दिवसापासून. ते सगळ्यांनाच 'अहो-जाहो' करायचे. पोरासोरांना आणि शेजारच्या मांजरालासुद्धा.

कंपनी सरकार म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. ती आमच्या घरात त्या संध्याकाळी आली आणि मग दर शनिवारी येत राहिली. साहेब बँकेत परकीय चलनाचं खातं सांभाळायचे. दिवसभर कोट्यवधी डॉलर इकडचे तिकडे करायचे, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. बोलायचे ते पै, पैसा, ढब्बू आणि शिवराईबद्दल. इंग्रज नुकते आलेले, त्यांचे पाय अजून नीट टेकलेले नाहीत, बाजारात पेशवाईतली शिवराई चालतेय, सुरतेचा पैसा चालतोय, कंपनीचा पैसा चालायला बघतोय, आणि या सगळ्या गोंधळात भाजीवालीनं सुट्टे द्यायचे कसे, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. त्या काळातली तांब्याची छत्तीस नाणी त्यांच्याजवळ होती. रुपया एकही नव्हता. कुणी विचारलं की म्हणायचे, "रुपया राजाचा. पैसा प्रजेचा." हे वाक्य मी किमान शंभरदा ऐकलं असेल.

गोष्टी मात्र छान सांगायचे. गुजरातेत एके काळी कडू बदाम सुट्टे म्हणून चालायचे. "कडूच का? कारण गोड असते तर लोकांनी तिजोरी खाल्ली असती!" मुंबईत कंपनीनं आधी कथलाचे पैसे पाडले, ते कुणाला धड आवडेनात. मग पैसे विलायतेत यंत्रावर पाडून जहाजानं आणायला लागले. त्यावर एका बाजूला तराजू, आणि तराजूत फारसी अक्षरात लिहिलेलं 'अदल', म्हणजे न्याय. "बघा," साहेब भिंग माझ्या हातात देत म्हणायचे, "पैशावर न्याय लिहायचा आणि मग राज्य करायचं. काय डोकं आहे!" मी भिंगातून बघितल्यासारखं करायचे आणि माझा अर्धा जीव गॅसवरच्या कढीत असायचा. याचे परिणाम पुढे येतीलच.

वजनाची त्यांची रीत आणखी वेगळी. पुण्याच्या रविवार पेठेतून आणलेला सोनाराचा छोटा तराजू त्यांच्याकडे होता, पण वजनं नव्हती. जपानचा एक येन बरोबर एक ग्रॅम भरतो हे कळलं त्या दिवशी त्यांनी ऑफिसात पेढे वाटले म्हणे. एका पारड्यात तराजूवाला पैसा, दुसऱ्यात येन एकेक करून टाकायचे. "सहा येन आणि थोडं," ते पुटपुटायचे आणि वहीत लिहायचे. बँकेतली जपानी माणसं त्यांना बुचो-सान, म्हणजे खात्याचे प्रमुख, म्हणायची आणि मनापासून मान द्यायची. पण बुचो-सान डबा खाऊन झाल्यावर टेबलावर येन मांडायला लागले की सगळे एकदम कामात गढून जायचे.

त्यांच्यासमोर मराठी बोलणं ही एक कसरत होती. तिथल्या शेअर बाजाराचा फुगा तेव्हा फुटून झाला होता. नवरा एकदा जेवताना म्हणाला, "त्या कंपनीचा शेअर अगदी कवडीमोल झाला." साहेबांनी घास खाली ठेवला. "कवडीला मोल होतं हो. बंगालात बाजारच्या बाजार कवडीवर चालायचे. त्या शेअरला कवडी म्हणू नका, कवडीला वाईट वाटेल." 'दमडी', 'छदाम', 'दिडकी', यातला एकही शब्द तोंडातून गेला की तो चलनात कधी होता, कितीला होता हे ऐकल्याशिवाय सुटका नसायची. आम्ही शनिवारी हे शब्द टाळून बोलायला शिकलो. तरी सवयीनं कधी 'सोळा आणे खरं' निघून जायचं आणि ताटावर हात वाळायचे.

वहिनी, म्हणजे साहेबांच्या सौभाग्यवती, पुण्यात शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या दोनदाच जपानला आल्या. मला म्हणाल्या, "यांच्या नाण्यांकडे आणि यांच्याकडे, दोन्हीकडे मी लांबूनच बघते. त्यामुळे आमचं छान चाललंय." किती शहाणी बाई! मी तिचं ऐकायला हवं होतं.

आता साहेबांच्या हट्टाबद्दल. तोक्योच्या कोतो भागात जुन्या नाण्यांच्या शौकिनांचं एक मंडळ होतं. अकरा म्हातारे, महिन्यातून एका रविवारी एका छोट्या कॉफीच्या दुकानात जमायचे. अध्यक्ष एके काळी घड्याळं दुरुस्त करायचे, सगळे त्यांना काइचो-सान म्हणत. या लोकांकडे मध्ये चौकोनी भोक असलेली जुनी जपानी तांब्याची नाणी, दोऱ्यात ओवलेली. साहेब त्यांच्याकडे दोन वर्षं जात होते. गेले की त्यांना सगळ्यात चांगली खुर्ची, पहिला चहा, पहिला मान.

"मग छानच की," मी म्हणाले.

"छान काय! पाहुणा आहे मी तिथं. सभासदांना कुणी खुर्ची देत नाही. सगळ्यात नवा सभासद दाराजवळ बसतो आणि शेवटी कप विसळतो. मला कप विसळायचेत, बाईसाहेब."

साठीला टेकलेला बँकेचा वरिष्ठ अधिकारी कप विसळायला मिळावेत म्हणून झुरत होता. मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं. परदेशात आपल्याला सगळे चांगलं वागवतात आणि तरी आपण बाहेरचेच राहतो, हे दुखणं मला तोवर कळायला लागलं होतं.

शेवटी आम्हाला येऊन दोन वर्षं झाली तेव्हा काइचो-साननी सांगितलं: नोव्हेंबरात वॉर्डाच्या हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन आहे, त्यात तुमची नाणी मांडा. सभासद बघतील. मग संध्याकाळी ठरवू. साहेब त्या दिवसापासून जमिनीवर नव्हते. दर शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडणीचा सराव चालायचा. माझं अक्षर बरं म्हणून चिठ्ठ्या मी लिहिल्या, इंग्रजीत आणि खाली जपानी अक्षरांत. वॉर्डाच्या फुकट वर्गात मी जपानी शिकत होते आणि दुपारी एका बेन्तोच्या दुकानात बाइतो करायचे, म्हणजे डबे भरायची अर्धवेळ नोकरी. तेवढं लिहिता-बोलता यायला लागलं होतं.

आणि प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी बँकेनं साहेबांना ओसाकाला पाठवलं. रविवारी पहाटेच्या गाडीनं ते थेट हॉलवर येणार होते. जाताना नाण्यांचा डबा माझ्या हातात दिला. "क्रम चिठ्ठ्यांप्रमाणे. नाणं नेहमी कडेनं धरायचं. आणि रविवारी दहाच्या आत तिकडे पोचायचं. एवढंच."

एवढंच. घासू नका असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्या जगात ते कुणाला सांगावं लागत नसे. पाण्यात बुडू नका असं कुणी पोहणाऱ्याला सांगतं का?

मी डबा उघडला. दिवाळी होऊन आठवडाच झाला होता. देव्हाऱ्यातलं ताम्हन, पळी, पंचपात्र सगळं मी आईनं पाठवलेल्या चिंचेनं लखलखीत केलं होतं. त्याच्या शेजारी ही छत्तीस नाणी, काळीकुट्ट. काही तपकिरी, काही हिरवट. आणि परवा ही जपानी लोकांसमोर मांडायची! त्या लोकांचा रस्तासुद्धा चकाकतो. काय म्हणतील, या भारतातल्या लोकांच्या घरी तांबंपितळ घासत नाहीत का? साहेब बिचारे एकटे राहतात, पुरुष माणूस, त्यांना कुठून सुचणार. मी चिंचेचा कोळ केला, त्यात मीठ घातलं आणि तावाशी नावाची काथ्याची जपानी घासणी घेऊन बसले.

सांगायला लाज वाटते, पण मी फार मन लावून काम केलं. नाणं कडेनंच धरलं. क्रम चुकू दिला नाही. एकेक नाणं धुऊन, पुसून, केस वाळवायच्या यंत्रानं वाळवलं. संध्याकाळी नवरा घरी आला आणि टेबलाकडे बघून म्हणाला, "वा! काय झळकतायत गं! साहेब खूश होतील." दोन वर्षं दर शनिवारी तोही ऐकत होता. म्हणजे तोही माझ्याइतकाच ऐकत होता.

रविवारी मी नाणी मांडली, चिठ्ठ्या लावल्या आणि वरून माझा भरतकामाचा रुमाल घातला. साहेब दहाला पाच कमी असताना धापा टाकत आले. मी रुमालाकडे बोट केलं आणि म्हणाले, "उचला."

त्यांनी उचलला. खिडकीतून ऊन येत होतं आणि छत्तीसच्या छत्तीस पैसे नुसते पेटले होते. साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, आनंदानं. मग त्यांनी हातानं चाचपून खुर्ची शोधली आणि बसले.

"कशानं?"

"चिंच. आणि मीठ."

"मीठसुद्धा," ते म्हणाले.

मग त्यांनी अगदी हळू आवाजात मला सांगितलं. नाण्यावरचा तो काळपट थर म्हणजे मळ नव्हता. तो धरायला दोनशे वर्षं लागली होती. एकदा घासला की परत येत नाही. जाणकार माणूस आधी तोच थर बघतो, मग नाणं बघतो. आणि जो संग्राहक आपली नाणी घासतो, त्याला अशा मंडळात कुणी दारातसुद्धा उभं करत नाही.

मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी म्हणाले, "मी सांगते त्यांना. मी केलं म्हणून सांगते."

"तुम्ही काही सांगायचं नाही. तुम्ही तिकडे चहापाशी उभ्या राहा."

"पण साहेब..."

"चहापाशी."

अकराच्या सुमारास काइचो-सान आले. मागे बाकीचे दहा, हात पाठीमागे बांधून. काइचो-साननी खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि पहिल्या नाण्यावर वाकले. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. छत्तीस नाणी त्यांनी एकही न वगळता पाहिली. शेवटी ते सरळ झाले, भिंग काढलं आणि फार मऊपणानं विचारलं, ही कुणी धुतली?

इतकं जपानी मला येत होतं. आणि साहेबांचं उत्तर तर वर्गातल्या पहिल्या धड्यातलं होतं.

"वाताशि देसु," साहेब म्हणाले. मी.

मान ताठ ठेवून म्हणाले. ज्या माणसाला त्या अकरा म्हाताऱ्यांचे उष्टे कप विसळायचे होते, तो त्यांच्यासमोर उभा राहून मीच तो अडाणी म्हणून सांगत होता. माझ्या हातातली किटली मी कुठे ठेवली ते मला आठवत नाही. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "नाही. मी धुतली. यांना माहीत नव्हतं. हे ओसाकाला होते."

"बाईसाहेब, गप्प बसा," साहेब मराठीत म्हणाले. "तुम्हाला जपानी येत नाही."

"येतं!" मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. दिवाळी सांगितली, देवाची भांडी सांगितली, चिंचेला शब्द माहीत नव्हता म्हणून उमेबोशिसारखं आंबट फळ असं सांगितलं. क्रियापदं कुठलीच्या कुठली गेली असणार. काइचो-सान माझ्याकडे बघत होते, मग साहेबांकडे, मग परत माझ्याकडे. मग ते दोघांनाही वाकून नमस्कार करून म्हणाले, फार कष्ट घेतलेत. आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

संध्याकाळी मंडळ एका कोपऱ्यात पाच मिनिटं बसलं. निकाल सांगायला काइचो-सान स्वतः आले. यंदा साहेबांनी पाहुणेच राहावं, आम्हाला पाहुणे फार आवडतात, असं ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी मिठाईचा डबा दिला. तिकडे नकार बहुतेक वेळा मिठाईबरोबर येतो. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

तोझाई लाइनच्या गाडीत आम्हाला बसायला जागा मिळाली. साहेबांच्या मांडीवर नाण्यांचा डबा, माझ्या मांडीवर मिठाईचा. तोयोचो स्टेशन सुटलं आणि मला जे रडू यायला लागलं ते थांबेना. समोरची माणसं सभ्यपणे आपापल्या बुटांकडे बघत होती. साहेबांनी रुमाल दिला. तो माझाच होता, भरतकामाचा.

"तुम्ही 'मी' कशाला म्हणालात?" मी विचारलं.

"अहो, नाणी माझी. डबा माझा. घासू नका हे सांगायचं राहून गेलं, तेही माझंच. मग तुमचं काय उरलं? चिंच. नुसत्या चिंचेपायी तुम्हाला कुठे पुढे करू?"

मी आणखीच रडले. मग म्हणाले, "पण तीस वर्षांत तुम्ही जमवलेली नाणी गेली ना."

गाडी खाडीवरच्या पुलावर आली, खिडकीतून उतरतं ऊन आत आलं. त्यांनी डबा थोडा उघडला आणि त्यातला तराजूवाला पैसा कडेनं धरून बाहेर काढला. तो उन्हात फिरवला.

"एक सांगू का?" ते म्हणाले. "तीस वर्षं मी ही नाणी बघतोय. पण टांकसाळीतून आलेला नवा कोरा पैसा पहिल्यांदा हातात पडला असेल, तेव्हा त्या भाजीवालीला काय दिसलं असेल, ते मला कधी दिसलं नव्हतं. मी रुमाल उचलला ना, बाईसाहेब, तेव्हा पहिलं अर्धं मिनिट मला राग आलाच नाही. राग नंतर आला. आधी मी नुसता बघत होतो."

मग त्यांनी मान वळवून गाडीच्या डब्यात मंडळातलं कुणी बसलंय का ते नीट पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"पण हे त्या लोकांपाशी बोलू नका हं. पुढच्या वर्षी परत अर्ज करायचाय मला."